अस्तर वाचणारे खरातकाका

फ्रँकफर्टमध्ये कुणाकडे जेवायला गेलं की यजमान आधी तुमचा कोट घेतात आणि मग हात मिळवतात. खरातकाका आधी कोट घेतात, मग तो उलटा करतात आणि दिव्याखाली नेऊन आतून बघतात. हात-बित त्यानंतर, आणि तोही आत काय दिसलं त्यावर.

आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस लेबल बघतोय. म्हटलं, झालं, आता कितीला घेतला विचारणार. तर काकांनी खिशाच्या वरची शिवण बोटानं चाचपली आणि मान हलवली.

"आल्झो, तर बघा," ते म्हणाले, "स्टेपलर."

खरं होतं. अस्तर उसवलं होतं आणि मी ते ऑफिसातच स्टेपलरनं टाचून टाकलं होतं. चारचौघांत दिसणार थोडंच होतं? काका म्हणाले, म्हणजे सुईदोरा घरात आहे, पण कुठे आहे ते फक्त आईला माहीत, आणि आई पुण्याला. माझी आई पुण्यालाच असते. निखिल, म्हणजे माझा नवरा, फिदीफिदी हसायला लागला, तेवढ्यात त्याच्या जॅकेटची पाळी आली. त्याच्या अस्तराच्या कोपऱ्यात केकचा चुरा निघाला. गणपतीपासून साखर सोडलीय असं तो मला सांगत होता. त्या दिवशी जेवणाआधीच आमच्या घरातलं एक मोठं प्रकरण उघडकीला आलं आणि काका शांतपणे वरणाला फोडणी द्यायला आत गेले.

"कॉलर लोकांसाठी असते, अस्तर आपल्यासाठी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "म्हणून अस्तर खोटं बोलत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझी मुलगी रेवासुद्धा शाळेतून आली की जॅकेट आधी आतून झटकते आणि मग माझ्यासमोर आणते. जर्मनमध्ये म्हणते, काकांकडे जायच्या आधी स्वच्छ केलेलं बरं.

काका फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला आमच्याच कंपनीत होते. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी वरून चकाचक केलेलं सॉफ्टवेअर आतून कुठे उसवलंय ते शोधायचं. आता निवृत्त झालेत. मूळचे मराठवाड्यातले, कॉलेज औरंगाबादला, आणि तीसेक वर्षांपासून इथे. मी पुण्याची आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या वेडाला नावं ठेवायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण काकांच्या वेडापुढे मीसुद्धा हात टेकले. कारण अस्तर वाचणं हे नुसतं शेपूट. खरा हत्ती वेगळाच आहे, आणि त्याचं नाव गजानन सातघरे.

हे सातघरे कोण, असं तुम्हाला वाटणार. तसं मलाही वाटलं होतं, आणि काकांना विचारायची चूक मी केली. संध्याकाळ गेली. इंग्रजांच्या राज्यात हा माणूस रंगांचं रसायनशास्त्र शिकायला बोटीनं जर्मनीला आला. स्कॉलरशिप मध्येच बंद पडली. मग तो कारखान्याऐवजी कॅफेत दिसू लागला. त्या काळी फ्रँकफर्टला कॅफे मर्लिंग नावाचं एक ठिकाण होतं. चित्रकार, कवी, नाटकवाले, भाडं थकवणारे, घटस्फोट घेतलेल्या बायका, नुसतेच केस वाढवलेले, सगळे तिथे दिवसदिवस बसायचे. एक कॉफी घेऊन जगाची नवी मांडणी करायचे. आणि या धुराच्या लोटात बसून, काका म्हणतात, आमच्या सातघऱ्यांनी मराठीतली पहिली आधुनिक कादंबरी लिहिली. 'धुरातली मंडळी'. पुण्याला छापून आली, चार जणांनी वाचली, त्यातल्या तिघांनी नाकं मुरडली. सातघरे परत गेलेच नाहीत. पुढे त्यांचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही.

काका 'आमचे सातघरे' असं म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं. "आमच्या सातघऱ्यांना हे चाललं नसतं हं," असं ते मला पोह्यांवर केचप घालताना म्हणाले आहेत.

मी कादंबरी वाचली. काकांच्या हातची झेरॉक्स होती, नाही म्हणता येईना. खरं सांगू? विचित्र पुस्तक आहे. दीडशे पानं कॅफेत घडतात आणि एकालाही धड चेहरा नाही. कुणाचा कोट ओला असतो, कुणाच्या अस्तराला चिरूट पडून भोक पडलेलं, कुणाचा एकच हातमोजा. काकांनी अस्तराचं खूळ उचललं ते इथूनच. शिवाय कॅफेत एक पियानो आहे आणि तो दर वेळी अर्धाच दिसतो. वाजवणाऱ्याचा उजवा हात दिसतो, डावा कधीच नाही. प्रस्तावनेत एका प्राध्यापकांनी लिहिलंय की अर्धा पियानो हे आधुनिक माणसाच्या दुभंगलेल्या मनाचं प्रतीक आहे. मी काकांना विचारलं, इतके दिवस कॅफेत बसून हा माणूस एकदाही कॉफी कशी लागली ते लिहीत नाही, केक खात नाही, हे कसं? काका विचारात पडले. मग म्हणाले, "संयम."

त्यांच्या घरात शिरलं की चपलांच्या कपाटावर एक फोटो टांगलाय. कॅफे मर्लिंगचा, जुन्या कुठल्याशा पुस्तकातून मोठा करून घेतलेला. खिडकीपाशी गोल टेबल, भोवती सिगरेटी ओढणारी मंडळी आणि आपल्याकडे पाठ करून बसलेला काळ्या केसांचा एक माणूस. काका त्या पाठीवर बोट ठेवतात.

"ही पाठ मराठी आहे."

कशावरून, असं विचारलं तर म्हणतात, डावा खांदा बघ, किंचित उतरलाय, लहानपणी पाटी-दप्तर त्याच खांद्याला असणार. निखिल एकदा सहज बोलून गेला की काका, इटालियन पण असू शकतो. काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच फोन करून म्हणाले, इटालियन माणूस इतका वेळ गप्प बसलेला तू पाहिलायस का?

तर ती खुर्ची, खिडकीपाशी असलेल्या टेबलाची ती खुर्ची, ही काकांच्या आयुष्याची लढाई झाली. सातघरे कवींच्या पंगतीत बसत होते हे जगानं मान्य करावं, एवढंच त्यांचं मागणं. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दर वर्षी त्यांना पाच मिनिटं मिळतात. ती लावणी झाल्यावर आणि जेवणाची पानं मांडून होईपर्यंत. श्रीखंड आलं की माइक बंद. काका रागावत नाहीत. स्टेजवरून उतरतात आणि दाराशी जाऊन उभे राहतात, कारण लोक निघायला लागलेले असतात आणि त्यांना कोट द्यायचे असतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पण मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, दाराशी कोटांजवळ काका असणारच. बायकांना कोट चढवायला मदत करतात, म्हाताऱ्यांची बाही धरतात. आणि कुणाचा कोट कुठला, हे त्यांना न विचारता कळतं.

आता खरी गंमत सांगते. सगळ्यांचे कोट घेणारा हा माणूस स्वतःचा कोट कधीच कुणाला देत नाही. कॉफी रंगाचा, जाड लोकरीचा, घोट्यापर्यंत येणारा कोट आहे. फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजारात घेतलेला. तो अंगात नाहीतर हातावर. हीटर चालू असलेल्या हॉलमध्येही अंगात. जुलैतल्या सहलीला सगळे हाफ चड्ड्यांत, आणि काका घडी घालून हातावर घेऊन बसलेले. नव्यानं भारतातून आलेली पोरं जॅकेट घालूनच खुर्चीत बसतात, त्यांना थंडीचा धसका असतो, ते समजू शकतं. पण तीस वर्षं? "काका, द्या ना इकडे" म्हटलं की एकच उत्तर: "राहू दे, मला बरं वाटतं." मंडळात त्यावर नाना तर्क होते. एक वहिनी म्हणाल्या, आतला शर्ट फाटका असेल. दुसऱ्या म्हणाल्या, निर्मलाकाकू गेल्यापासून कुणी लक्ष द्यायला नाही हो, एकटा माणूस असाच होतो.

निर्मलाकाकू म्हणजे त्यांची बायको. मला फार लाभल्या नाहीत, मी काकांकडे जायला-यायला लागले त्याच्या थोडंसं आधी त्या गेल्या. एकदा मात्र त्यांनी माझ्या साडीला फॉल लावून दिला होता. फ्रँकफर्टमधल्या निम्म्या मराठी बायकांचे फॉल त्यांनीच लावलेत. टाका इतका बारीक की शोधावा लागे. फार बोलायच्या नाहीत. पण काकू असतानाही काका कोट काढत नसत म्हणे, तेव्हा तो तर्क काही खरा नव्हता.

गेल्या वर्षी काकांचं नशीब उघडलं. कॅफे मर्लिंग जिथे होता त्या इमारतीत खाली आता मोबाइलचं दुकान आहे, पण वरचा कॅफेचा हॉल जुना, जपून ठेवलेला. कायद्यानं त्यात खिळासुद्धा मारता येत नाही. कित्येक वर्षं तो दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे काकांनीही तो आतून कधी पाहिलेला नव्हता. तो उघडला आणि तिथल्या साहित्यिक मंडळींनी रविवारची एक सभा ठरवली, विषय जुन्या कॅफेतले परदेशी पाहुणे. त्यांच्या डॉक्टर ब्रांट म्हणून एक बाई आहेत, त्यांनी काकांना बोलावलं. हॉलमध्ये एक लाकडी फळा आहे, त्यावर इथे बसणाऱ्या लेखक-चित्रकारांची नावं कोरली आहेत. ब्रांटबाई म्हणाल्या, आम्हाला पटवून द्या, आम्ही सातघऱ्यांचं नाव त्या फळ्यावर घालू.

पुढचे दोन महिने काकांचे पाय जमिनीवर नव्हते. भाषण जर्मनमध्ये. मी आणि निखिल श्रोते. पाठीबद्दल त्यांनी आता खांद्याशिवाय मानेचाही मुद्दा काढला होता. रात्रीची भाकरी आमच्याकडेच व्हायची, आणि जेवताना ते अचानक विचारायचे, "सातघऱ्यांना जर्मनमध्ये 'आमचे' म्हटलं तर जास्त वाटेल का गं?" मी म्हटलं, म्हणा बिनधास्त. पण मला मनातून धास्ती वाटत होती. एक पाठ आणि एक खांदा, एवढ्यावर ही जर्मन मंडळी काय पटवून घेणार? आणि नाही पटलं तर या माणसाचं काय होणार?

नोव्हेंबरातल्या रविवारी सकाळी आम्ही तिघं जिना चढून गेलो. वर गेल्या गेल्या समोर गार्डेरोबे. कोट ठेवायची जागा हो, लांबलचक लाकडी फळी आणि मागे पितळी खुंट्यांच्या रांगा. फळीमागे फ्राउ लिंडनर म्हणून एक बाई. पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा, मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत सरळ पाठ. माझा कोट घेतला, निखिलचा घेतला, बिल्ले दिले. मग काकांकडे बघून हात पुढे केला.

"राहू दे, मला बरं वाटतं," काका जर्मनमध्ये म्हणाले.

बाईंनी हात मागे घेतला नाही. हॉलमध्ये कोट चालत नाही. अग्निसुरक्षा. काका म्हणाले, मी वक्ता आहे. बाई म्हणाल्या, वक्त्यालाही आग लागते. ब्रांटबाई धावत आल्या, त्यांनी गोड शब्दांत समजावलं, आधी काकांना, मग फ्राउ लिंडनरना. दोन्हीकडे काही उपयोग झाला नाही. मराठी मंडळाचे अध्यक्ष आले होते, ते कानाशी येऊन म्हणाले, खरात, काढा ना, काय लहान मुलासारखं. जिन्यावर माणसं खोळंबली.

माझा संयम सुटला. सातघऱ्यांचा नव्हे, माझा. मी काकांना बाजूला ओढलं आणि म्हटलं, इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकलात ते दाराआड आहे आणि तुम्ही कोटापायी इथे अडून बसलाय? त्यांचा चेहरा पार उतरला होता. कोटाची दोन्ही टोकं मुठीत धरलेली.

"मग राहू दे व्याख्यान," ते हळूच म्हणाले.

मला रडूच आलं. राग आणि रडू एकदम आलं की मी नाक पुसायला लागते, तशी पुसत राहिले. ब्रांटबाई घड्याळ बघत आत गेल्या.

जिन्यावर मात्र गर्दी वाढतच होती. एक म्हातारे आजोबा काठी सांभाळत कोटातून हात काढायची खटपट करत होते, आणि काकांना काय, सवय. गेले पुढे. बाही धरली, कोट उतरवला, फ्राउ लिंडनरना दिला. मग पुढच्या बाईंचा. मग त्यांच्या नवऱ्याचा. फ्राउ लिंडनर एकट्या आणि माणसं चाळीस. त्यांनी एक क्षण काकांकडे पाहिलं आणि फळीची छोटी दांडी उचलून त्यांना मागच्या बाजूला घेतलं. काका खुंट्यांमध्ये शिरले आणि भराभर कोट टांगायला लागले. अस्तरं मात्र बघत होते हं, तेवढ्यातही.

गर्दी ओसरली. काकांनी शेवटचा कोट टांगला, वळले आणि थबकले. तसेच उभे. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मी धावले.

"इकडे ये," ते म्हणाले. "इथून बघ."

मी फळीमागे गेले. फ्राउ लिंडनर काही बोलायच्या आत गेले. त्या जागेवरून हॉलचं दार समोर येतं आणि दाराच्या चौकटीतून आतला मंच दिसतो. मंचावर पियानो. चौकटीनं तो बरोबर मध्यात कापलेला. आता वाजवायला कुणी बसलं असतं तर उजवा हात दिसला असता, डावा नाही.

खिडकीपाशी असलेलं टेबल तिथून दिसतच नव्हतं. त्या टेबलावरून दिसला असता तो अख्खा पियानो. आणि कॉफी कशी लागते हे तिथे उभं राहणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं. चेहरेही नाहीत. येणारा पाठ करून कोट उतरवतो, जाणारा पाठ करून चढवतो. हातात राहतं ते अस्तर.

"काका," मी म्हटलं, "ती पाठ..."

"इटालियन असेल," काका म्हणाले.

ते तसेच अंगातला कोट आवळून उभे होते, पण डोळे लकलकत होते. ब्रांटबाईंना त्यांनी निरोप दिला की मी बोलणार, पण इथून. आता फ्राउ लिंडनर काय म्हणतात याकडे सगळ्यांचं लक्ष. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काकांना नखशिखांत पाहिलं आणि निकाल दिला. हॉलमध्ये कोट चालत नाही, हा नियम. हा हॉल नाही, ही गार्डेरोबे. कोटाची जागा इथेच असते, आत माणूस असला तरी हरकत नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले.

मग हॉलमधली सगळी मंडळी खुर्च्या उचलून बाहेर आली. काही जिन्यावर बसली, काही दारात. आणि काकांनी, लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवून, फळीमागून सांगायला सुरुवात केली. मी इतकी वर्षं एका खुर्चीसाठी भांडत होतो, ते म्हणाले, आणि माझं चुकलं. आमचे सातघरे त्या खुर्चीत बसले नाहीत. ते पाहुणे नव्हतेच. पोट भरायला ते इथे उभे राहिले, तुमच्या कवींचे कोट सांभाळत, आणि इथूनच त्यांनी पाहिलं. मग त्यांनी अर्धा पियानो दाखवला. लोक एकेक करून फळीमागे येऊन बघून गेले, देवळात रांगेनं जावं तसे. काकांनी दोन-चार कोट काढून अस्तरंही वाचली. एका गृहस्थांच्या कोटात त्यांच्या कुत्र्याचे केस सापडले आणि त्या गृहस्थांनी कुत्रा गेल्याचं सांगितलं. मग काकांनी तो कोट न झटकता परत टांगला.

अध्यक्षांना काही हे रुचलं नाही. ते पुढे होऊन मराठीत म्हणाले, "खरात, कोट सांभाळत होता हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. आपलाच माणूस, आणि नाव फळ्यावर यायचं होतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तो फळा पाहुण्यांचा. बसणाऱ्यांचा. काकांनी आपल्या तोंडानं सातघऱ्यांना त्यातून काढलं होतं.

काका त्यांना जर्मनमध्ये उत्तर देऊ शकले असते. पण मराठीतच बोलले.

"मी इथे नोकरीला लागलो ना, तेव्हा पार्टीत कुठे बसायचं ते मला कळायचं नाही. कुणी ये म्हणायचं नाही, जा पण म्हणायचं नाही. म्हणून मी दाराशी कोट घ्यायला उभा राहायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. तेवढीच हक्काची जागा वाटायची. मला इतके दिवस वाटत होतं, निदान सातघरे तरी आत बसले असतील." ते थांबले. "आज कळलं, आम्ही एकाच जागी उभे होतो. मला त्याची लाज नाही वाटत, साहेब. फार बरं वाटलं."

अध्यक्ष खाली बघून स्वतःच्या कोटाचा बिल्ला चाळवत राहिले. टाळ्या जर्मनांनी वाजवल्या, आणि मराठीतलं एक अक्षर न कळताही फ्राउ लिंडनरनी सर्वांत जास्त वेळ वाजवल्या. ब्रांटबाई म्हणाल्या, फळ्याचं आम्हाला बैठकीत ठरवावं लागेल. फ्राउ लिंडनर म्हणाल्या, फळ्याचं तुम्ही ठरवा, खुंट्या माझ्या अखत्यारीत आहेत. खिळा मारायला बंदी, खुंटी तर आहेच. त्यांनी शेवटच्या पितळी खुंटीवर एक चिकटपट्टी लावली आणि काकांना स्पेलिंग विचारून ठसठशीत अक्षरांत सातघऱ्यांचं नाव लिहिलं. ती खुंटी रिकामी होती.

काका तिच्यापाशी गेले. मग त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

त्यांनी एक बाही काढली, दुसरी काढली आणि कोट फ्राउ लिंडनरना नाही, माझ्या हातात दिला. "जपून," म्हणाले. "आतून धर."

आत पांढरं अस्तर होतं. दुकानातलं नव्हे. मऊ, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगड्याचं कापड, खालच्या बाजूनं बारीक निळा काठ. टाका इतका बारीक की शोधावा लागे. तो टाका मी ओळखला. आणि पांढरं बघून माझ्या पुणेरी डोक्यात एकच गोष्ट आली. मी अगदी हळू विचारलं, "तुमच्या आईचं का, काका, वडील गेल्यानंतरचं?"

काका हसले. चक्क हसले.

"अगं वेडे, पांढरं म्हणजे तुमच्यात तसं. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. लग्नातली आहे ती निर्मलेची." त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "आमचा इथला पहिला हिवाळा. कोटाचं जुनं अस्तर पार गेलेलं. मी पार्टीहून आलो की तिला सांगायचो, आज कुणाकुणाचे कोट धरले ते. एकदा बघतो तर हिनं लग्नाची साडी फाडून अस्तर लावायला घेतलेलं. मी ओरडलो तिच्यावर. तर म्हणते, जगाचे कोट धरता, तुमचा कोण धरणार? मी धरते आतून."

मी तो कोट सातघऱ्यांच्या खुंटीवर टांगला, अस्तराची बाजू भिंतीकडे करून. काका माझ्या मागून आत आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा नुसत्या शर्टात हॉलमध्ये खुर्चीवर बसले. शर्ट फाटका नव्हता. इस्त्रीचा होता, आणि त्यांना बहुतेक थोडी थंडी वाजत होती. खिडकीपाशी असलेल्या टेबलावर त्यांनी सभेच्या चहापानातली कॉफी मागवली, केकही मागवला आणि निखिलला त्यातला अर्धा दिला.

निघताना फ्राउ लिंडनर कोट घेऊन फळीबाहेर आल्या. मी तो त्यांच्याकडून मागून घेतला आणि काकांच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी पसरून धरला, जसा ते आम्हा सगळ्यांचा धरतात तसा. त्यांना सवय नव्हती. हात मागे नेऊन बाही चाचपत राहिले, सापडेना. मी म्हटलं, सावकाश काका, मी धरलाय. मग त्यांनी आधी डावा हात घातला आणि नंतर उजवा.